कळ

लिएपायात नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
मी बाबांच्या कॉम्प्युटरसमोर बसलेय
आणि ते पलंगावरून सूचना देतायत,
एका हातानं, अर्ध्या तोंडानं.

पस्तीस वर्षं बंदरात क्रेन चालवली या माणसानं.
डाव्या मुठीनं फिरवायचं, उजवीनं उचलायचं.
आता उचलणारा हात मांडीवर असतो,
कुणीतरी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.
आणि उजवीकडचं अर्धं जग
दोन्ही डोळ्यांतून एकाच रात्री गेलं.

ताटात उजवीकडचे बटाटे तसेच राहतात.
स्क्रीनवरचं घड्याळही नेमकं उजव्या कोपऱ्यात.
तीन महिने विचारत होते, झाइगा, वाजले किती?
मला वाटायचं, बोलायला निमित्त हवं असेल.

तर आज घड्याळ डावीकडे.
खाली आडवं पसरलेलं पॅनल
उचलून डाव्या कडेला उभं केलं.
माउस डावखुरा.
बाण चोवीसचा अठ्ठेचाळीस केला,
तर म्हणाले, बाण आहे की नांगर?
बत्तीसवर मिटवलं.

मोठाल्या आयकॉनांची एक थीम लावून पाहिली,
गोल गोल, गुलाबी, निळी.
"बालवाडी," बाबा म्हणाले.
आठवडाभरातला त्यांचा सर्वांत स्पष्ट शब्द.
काढली.
पुन्हा तीच राखाडी, जिच्यात त्यांना
काय सापडतं कोण जाणे.

मग कळफलक.
कंट्रोल, आल्ट आणि पार पलीकडचं एक अक्षर,
एका वेळी, दोन हातांनी:
ज्यानं हे ठरवलं त्याचे दोन्ही हात शाबूत होते.
पण लिनक्समध्ये एक चौकट असते, खूण करायची.
मग कळ दाबून सोडली तरी
ती दबलेलीच राहते, पुढची येईपर्यंत.
जरा कळ काढते म्हणा ना.
रात्रपाळीच्या दिवसांत आई बसायची तशी,
पातेल्यावर झाकण ठेवून.

खूण केली.
बाबांनी एकेक करून तीन कळा दाबल्या,
मध्ये खोकले, पाणी प्यायले,
आणि खिडकी बंद झाली. स्क्रीनवरची.
खरी खिडकी वाऱ्यानं वाजतच होती.

उरलेलं फाइल उघडून हातानं लिहिलं.
उजवीकडच्या अक्षरांवरचे शॉर्टकट
एकेक करून अलीकडे आणले:
रेडिओ आरवर, पत्रं डब्ल्यूवर,
वाऱ्याचा वेग एफवर, तो त्यांना लागतोच,
आता थांबवायला क्रेन नाही तरी.
ओळीच्या डोक्यावर # ठेवला
की यंत्र ती ओळ वाचत नाही,
माणसांसाठी सोडून देतं.
शेवटी मी लिहिलं:
# बाबा, इथे हात लावू नका.

शनिवारी आले तर इल्वा दारातच भेटली, फिजिओवाली, घुश्शात.
रोज अकराला व्यायामाची आठवण पाठवते,
चार दिवस उत्तर नाही.
मी म्हटलं, आठवण यायला हवी,
मीच बसवलीय, डावीकडे वर, ठळक.
माझे निरोप होते तिथे. रेडिओ होता.
इल्वाच्या चार आठवणी
खाली उजव्या कोपऱ्यात एकावर एक पडल्या होत्या,
धक्क्यावर माल उतरावा
आणि न्यायला कुणी येऊ नये तशा.

बाबा डोळे मिटून पडलेले.
झोपेत कुणाचा श्वास इतका सावध नसतो.

फाइल उघडली. चार नव्या ओळी,
एका शब्दात दोन अक्षरं उलटसुलट,
तरी यंत्रानं कुरकुर न करता मानलेल्या.
आणि माझ्या ओळीच्या खाली:
# लावला. एकच लावला.

इल्वा विचारत होती, बिघाड सापडला का.
मी फाइल होती तशी बंद केली
आणि म्हटलं, बघतेय,
जरा वेळ लागेल.